अब्बांच्या फियाटला पट्टे

आमच्या घरी १९७४ची प्रीमियर पद्मिनी आहे. चितोडच्या राणीचं नाव तिच्या पाठीवर आहे, पण घरात तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही. फियाटच म्हणतात. अब्बा १९८६मध्ये कुवेतहून कायमचे परत आले आणि त्यांनी मुंबईहून ही गाडी सेकंडहँड आणली. तेव्हा आमच्या मोहल्ल्यात दोन रिक्षा आणि एक टेम्पो होता. त्यामुळे फियाट आमच्या एकट्यांची कधी राहिलीच नाही. निकाहाच्या वराती तिच्यातून निघाल्या, बाळंतिणी तिच्यातून दवाखान्यात गेल्या, हजला निघालेल्यांना ती मुंबईपर्यंत सोडून आली.

पद्मिनीच्या आधी जी गोल पाठीची फियाट होती तिला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. आमची त्यातली नव्हे. तरीही एकदा एका पाहुण्याने दारातच 'अरे वा, डुक्कर अजून ठेवलंय!' असं म्हटलं. अब्बांनी त्याला चहा दिला, पण साखर किती हे विचारलं नाही.

या गाडीला सीटबेल्ट नव्हते. असायला हवे होते असं आम्हाला कधी वाटलंही नाही. पुढे एक सलग बाक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे आरामात तिघं बसत. मधली जागा माझी. माझ्या मांडीवर धाकटा भाऊ. खिडकीशी अम्मी.

१९८८च्या पावसाळ्यानंतर खेडला एका लग्नाला गेलो होतो. येताना परशुराम घाट उतरत होतो. मी नऊ वर्षांची, भाऊ दोन वर्षांचा. एका वळणावर म्हशी आल्या. अब्बा ओरडले, "पोराला धर गो!" आणि त्यांनी ब्रेक दाबला. चारही चाकांना ड्रम ब्रेक, रस्ता ओला. गाडी म्हशींना चुकवून कठड्याला लागली. फार जोरात नाही, एक हेडलाइट फुटला आणि बंपर वाकला. पण भाऊ माझ्या हातातून सुटला आणि त्याचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं. फियाटचा डॅशबोर्ड पत्र्याचा असतो. ओठ फाटला, दोन दुधाचे दात गेले. माझ्या पांढऱ्या फ्रॉकवर इतकं रक्त होतं की दवाखान्यात आधी मलाच टेबलावर घेतलं.

भाऊ बरा झाला. आज तो पुण्यात नोकरी करतो, ओठावरची खूण मिशीत लपली आहे. पण अम्मी त्या रात्री एकदाच म्हणाली होती, "तुला धरता नाही आलं?" पुन्हा कधी म्हणाली नाही. तिला ते आठवतही नसेल. मला मात्र सदतीस वर्षं आठवत राहिलं. वर्गात एखाद्या मुलीला धाकट्या भावंडामुळे उशीर झाला तर मी रागावत नाही, याचं कारण मुलींना ठाऊक नाही.

गेल्या वर्षी भावाचा फोन आला. "बकरी ईदला येतोय. लेक म्हणतोय, आजोबांच्या फियाटमधून फिरायचं." लेक चार वर्षांचा. पुढच्या बाकावर मध्ये बसायचं, हे त्याने भावाचे जुने फोटो पाहून ठरवून टाकलं होतं. मी फोन ठेवला आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. डॅशबोर्डवर तो खळगा अजून आहे, लिंबाएवढा. त्यावरून हात फिरवला. त्याच रात्री अब्बांना म्हटलं, गाडीला पट्टे बसवू या.

अब्बांचं वय पंच्याहत्तर. त्यांनी पेपर खाली ठेवला. "कायद्यातच नाही ते."

ही गोष्ट खरी होती, आणि ती त्यांच्याकडे तयार होती. काही महिन्यांपूर्वी बहादूरशेख नाक्यावर त्यांना पोलिसाने अडवलं होतं. बेल्ट का नाही? अब्बांनी दार उघडून दाखवलं, बेल्ट असेल तर शोधून द्या. पोलीस हसला आणि त्याने सोडून दिलं. नियमच तसा आहे. आपल्याकडे पुढच्या सीटसाठी बेल्ट देणं गाड्यांच्या कारखान्यांना २५ मार्च १९९४पासून बंधनकारक झालं, आणि बेल्ट लावण्याची सक्ती आहे ती बेल्ट बसवलेल्या गाडीत. आमची गाडी त्याच्या वीस वर्षं आधीची. बेल्ट न लावल्याचा हजार रुपये दंड तिला लागू नाही. अब्बा याचा अर्थ 'कायदा म्हणतो पट्टा नको' असा घेत. मी भाषा शिकवते, म्हणून वाद घातला. कायदा 'नको' म्हणत नाही, तो फक्त मागत नाही. या दोन वाक्यांत फरक आहे. अब्बा म्हणाले, "तुझ्या पेपरात असेल."

मग मी तारखा काढून बसले, कारण अब्बांना तारखा पटतात. आपण खांद्यावरून आणि कमरेवरून घेतो तो तीन ठिकाणी जोडलेला पट्टा स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीत निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने तयार केला. आधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत असे, म्हणजे माणसाचं शरीर किती झटका सोसतं हे त्याला ठाऊक होतं. १९५९मध्ये तो पट्टा गाड्यांत येऊ लागला आणि कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरू दिलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७०मध्ये पट्टा लावण्याची सक्ती केली. आमची फियाट कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तो पट्टा पंधरा वर्षांचा झाला होता. फुकट घेता येत होता, आणि कोणी बसवला नाही. अब्बांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कारखान्यातले लोक येडे होते?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यांचा खरा आक्षेप दुसरा होता, तो अम्मीने सांगितला. कुवेतमध्ये दहा वर्षं आणि इथे जवळजवळ चाळीस वर्षं गाडी चालवून परशुरामचा तो एक प्रसंग सोडला तर अब्बांच्या नावावर ओरखडा नाही. आता या वयात लेक म्हणते, तुमच्या गाडीत बसायचं तर बांधून बसू. त्यांना तो आपल्या हातांवरचा अविश्वास वाटत होता. शिवाय ते बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय चावी फिरवत नाहीत. त्यांच्या लेखी तिथे विषय संपतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितलं, ही हदीस मी शाळेत दरवर्षी सांगते. मुलं हसतात, त्यांना उंट आवडतो. घरी अब्बांना ती सांगायची हिंमत मला झाली नाही. ती मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

याच सुमारास आणखी एक पाय मध्ये आला. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाने अब्बांना गाठलं. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. २०२१मध्ये केंद्राने तसे नियम केले. नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा आणि इंजिन बदललेलं नको. "चाचा, एक भोक पाडू नका हिला," तो गृहस्थ म्हणाला, "किंमत जाईल." अब्बांचा चेहरा उजळला. दोन दिवस त्यांनी मला 'मूळ रूप' हा शब्द पाच वेळा ऐकवला. तिसऱ्या दिवशी मी नियमाचा पुढचा भाग वाचून दाखवला. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच.

"म्हणजे जुम्म्याला न्यायची नाही?"

"नाही."

"मग ती गाडी कशी?" अब्बा म्हणाले, आणि पुण्याच्या माणसाचा फोन त्यांनी पुन्हा घेतला नाही.

पण पट्ट्यांना हो म्हणाले नव्हतेच. ते झालं एका कागदामुळे. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी मधल्या सुट्टीत विचारलं होतं, बारा किलोचं मूल मांडीवर आहे, गाडी ताशी पंचवीसच्या वेगाने कठड्याला लागली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्याला धरून ठेवायला किती जोर लागेल? सरांनी पाठकोऱ्या कागदावर गणित केलं. साधारण पंच्याऐंशी किलोचं वजन पेलायला लागेल तेवढा. "कोण धरणार होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक नऊ वर्षांची मुलगी. सर म्हणाले, "टीचर, मोठ्या पैलवानालाही जमणार नाही. झटका कधी येणार हे माहीत नसतं ना."

तो कागद मी अब्बांच्या समोर ठेवला. खरं तर स्वतःसाठी ठेवला होता. अब्बांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "ब्रेक उशिरा लागला नव्हता मग."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. सदतीस वर्षं मला वाटत होतं की माझे हात सुटले. त्यांना वाटत होतं की त्यांचा पाय उशिरा पडला. एकाच घरात, एकाच दस्तरखानावर जेवून आम्ही दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "मिस्त्री कोण आहे चांगला?"

चांगला मिस्त्री मिळणं हेच कठीण. पहिल्या दुकानात, जिथे सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टीम बसवतात, तिथला मुलगा म्हणाला, "अर्ध्या तासात लावून देतो मॅडम, स्क्रू मारून." स्क्रू कशात मारणार? पत्र्यात. ताण आला की पत्र्यातून स्क्रू उपटून येणार, आणि माणूस पट्ट्यासकट पुढे जाणार. तिथून निघालो.

दुसरे मिस्त्री साठीच्या पुढचे, आयुष्य फियाट आणि अँबेसिडरमध्ये गेलेलं. त्यांनी आधी रबरी मॅट काढली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत गेले. टक, टक, टक, मग एकदम भद्द. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्यांनी तिथे टेकवला आणि तो सरळ खाली गेला. खालची फरशी दिसली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात घुसलं तेव्हा फियाट काचांपर्यंत बुडाली होती. आम्ही इंजिन उघडलं, सीटा वाळवल्या, वायरिंग बदललं. तळाच्या पत्र्याच्या घड्यांत जो चिखल राहिला त्याने चार वर्षं शांतपणे काम केलं होतं.

"हिला वेगळी चासी नाही, टीचर," मिस्त्री म्हणाले. "हा पत्राच हिची हाडं आहेत. पट्टे नंतर. आधी हाडं बघू."

म्हणजे पट्ट्यांचा विषय निघाला नसता तर आम्ही त्या तळावर बसूनच फिरत राहिलो असतो. पुढच्या बाकाच्या चार बोल्टपैकी दोन नुसत्या गंजावर उभे होते. बाकच सुटणार असेल तर पट्ट्याचा काय उपयोग? दोन आठवडे कापणं, नवा पत्रा, वेल्डिंग, वर गंजरोधक रंग. अब्बा रोज स्टूल घेऊन गॅरेजमध्ये बसत. खर्चाचा मोठा भाग इथेच गेला. पट्टे त्यामानाने स्वस्त.

मग बिंदू ठरवायचे. एका माणसाला तीन. एक दाराशी खाली, एक गाडीच्या मध्यावर खाली, आणि तिसरा दोन दारांच्या मधल्या खांबावर, खांद्याच्या उंचीला. हा तिसरा खांद्यापेक्षा खाली असेल तर झटक्यात पट्टा खांद्याला खाली दाबतो आणि भार कण्यावर येतो, म्हणून त्याची उंची महत्त्वाची. अब्बांना बाकावर बसवून मिस्त्रींनी खडूने खूण केली. फक्त कमरेचा पट्टा लावून भागवू का, असं मी खर्चाकडे बघून विचारलं होतं. मिस्त्रींनी डॅशबोर्डच्या खळग्याकडे बोट दाखवलं. कमरेला बांधलेला माणूस कमरेतून वाकतो, डोकं तिथेच जातं.

प्रत्येक भोकामागे तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पोलादी प्लेट, म्हणजे ताण पत्र्याच्या एका टिंबावर न येता पसरतो. खांब आतून पोकळ, त्यात प्लेट सरकवून नट वेल्ड करायला मिस्त्रींना पूर्ण दिवस लागला. बोल्ट साडेतीन सुती, बेल्टसाठीच बनवलेले. पट्टे भंगारातल्या मारुतीचे चालतील असं मिस्त्रींचं म्हणणं होतं, तिथे मात्र मी अडले. भंगारात आलेली गाडी बहुधा आपटून आलेली असते. पट्टा झटका खातो तेव्हा त्याचे धागे ताणले जातात, आणि तो दुसऱ्यांदा तेवढा धरत नाही. वरून काही दिसत नाही. नवेच आणले.

नवे पट्टे बसवले आणि चालकाच्या बाजूचा पट्टा बाहेरच येईना. ओढला की अडकतो. दुकानदाराला फोन, मिस्त्री वैतागलेले, अब्बांच्या चेहऱ्यावर 'मी सांगितलं होतं'. शेवटी मिस्त्रींनी गुंडाळी उघडून हातात धरली आणि वाकडी-सरळ करून पाहिली. आत एक छोटी गोळी असते. गाडीचा वेग एकदम बदलला की ती हलते आणि गुंडाळीला कुलूप लावते. आमच्या गाडीत गुंडाळी तिरकी बसली होती, म्हणून गोळी बिचारी समजत होती की अपघात सतत चालूच आहे. खाली पाचर देऊन गुंडाळी सरळ केली. पट्टा गुळगुळीत आला. अब्बा बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.

मागच्या सीटलाही दोन बाजूंना तीन-तीन बिंदूंचे पट्टे घेतले. मागे कशाला, हे अम्मीचं मत. तिला मी २०२२चा पालघरजवळचा अपघात आठवून दिला. सायरस मिस्त्री महागड्या, मजबूत गाडीत मागेच बसले होते, पट्टा लावला नव्हता. टीव्हीवर ते बघून अम्मी त्या दिवशी हळहळली होती.

एवढं करून आमची फियाट आजच्या गाड्यांसारखी सुरक्षित झाली असं मी स्वतःला सांगत नाही. स्टिअरिंगचा दांडा धक्का बसला तरी दुमडत नाही. मानेमागे आधार नाही. ब्रेक ड्रमचेच. म्हणून अब्बांशी करार झाला आहे, पन्नासच्या वर नाही आणि रात्री हायवेवर नाही. पहिली अट ते पाळतात, कारण गाडीच पाळते.

मिस्त्रींनी गाडी परत देताना विचारलं, खळगा भरून रंग मारू का, त्याच पैशात? अब्बा म्हणाले, राहू दे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी खेडला खालाकडे निघालो. भावाने पुण्याच्या गाडीतली लहान मुलांची सीट आणली होती, ती मागे पट्ट्याने बांधली आणि लेकाला तिच्यात बसवलं. पुढे मध्ये बसायचं म्हणून तो रडला. भाऊ त्याच्या शेजारी बसला, आणि मी पाहिलं की पट्टा लावताना त्याचा हात एकदा मिशीवर गेला. अम्मी पुढे. तिने पट्टा बुरख्यावरून पोटावर घेतला होता, तो मी खाली सरकवून कमरेच्या हाडावर बसवला. मी भावाच्या सीटमागे उभी राहून सगळं तपासत होते, तर तो म्हणाला, "आपा, बस आता." मागे पट्टे दोनच. मी दुसऱ्या गाडीने, भावजयीबरोबर, मागून येणार होते.

"हळू ओढा अब्बा," मी खिडकीतून सांगितलं. एकदम ओढला की अडकतो, हे त्यांना अजून सवयीचं नाही. त्यांनी कडक इस्त्रीच्या कुर्त्यावरून पट्टा हळूहळू घेतला, इस्त्री मोडते म्हणून कुरकुरले, खटका लावला. बिस्मिल्ला म्हटलं. चावी फिरवली.

पुढच्या बाकाची मधली जागा आता रिकामी असते, तिथे पट्टा नाही. अम्मीने तिथे खालासाठी घेतलेला फणस ठेवला होता, आठ-नऊ किलोचा. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर अब्बांनी ब्रेक लावला आणि आम्ही मागच्या गाडीतून पाहिलं, फियाट तिथेच थांबली. अब्बा पट्टा सोडून उतरले, पेडलपाशी गेलेला फणस दोन्ही हातांनी बाहेर काढला, डिकी उघडून तिच्यात ठेवला, वर पोतं टाकलं. मग परत जाऊन बसले, आणि दार लावल्यावर खांद्याशी हात नेऊन पट्टा ओढायला लागले. हळू.